परसातले खुराडे

दिवस कलला की आमच्या जऊळक्याच्या कोणत्याही गल्लीतून एक फेरी मारावी. उकिरड्यावर, गोठ्यामागे, शेताच्या बांधावर दिवसभर भटकलेल्या कोंबड्या एकेक करून घराकडे वळताना दिसतात. त्यांना कोणी हाक मारीत नाही, कोणी हाकीत नाही. अंधार पडला की कोंबडीला नीट दिसत नाही. दिवसा कुत्र्यावरही धावून जाणारी पिलांची आई रात्री अगदी दीन होऊन जाते, आणि हे तिचे तिला ठाऊक असते. म्हणून उजेड आहे तोवर ती आपला निवारा गाठते. त्यानंतरचे दहा-बारा तास ती सर्वस्वी आपल्या स्वाधीन असते. ज्या निवाऱ्यात तिने विश्वासाने पाऊल ठेवले तो कसा आहे, याची जबाबदारी मग माणसाची.

या निवाऱ्याला आपण खुराडे म्हणतो. तुम्ही म्हणाल, खुराड्यासारख्या वस्तूवर धडा कशाला? काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. मी आयुष्यभर मुलांना मराठी शिकविले. ‘खुराडे’ हा शब्द मला ‘अतिशय अरुंद व कोंदट घर’ या लाक्षणिक अर्थानेच अधिक परिचित होता. खरे खुराडे विकत घ्यावे की घरी बांधावे, या प्रश्नाने कधी काळी माझी झोप उडेल, असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. अकोला–पूर्णा मार्गावरची मीटरमापी गाडी आमच्या स्थानकावर थांबे आणि बाजाराला निघालेल्या बायांच्या डालग्यांतून कोंबड्यांच्या माना बाहेर डोकावत. तो लोहमार्ग २००८ साली रुंद झाला. डालगी मात्र त्याच्या आधीच दिसेनाशी होऊ लागली होती. डालगे म्हणजे बुरुडाने बांबूच्या कामट्यांची विणलेली मोठी टोपली. चार-दोन कोंबड्या असतील तर रात्री त्यांच्यावर डालगे पालथे घालून वर दगड ठेवला की काम भागे. अधिक असतील तर ओट्याच्या पोटात किंवा गोठ्याच्या भिंतीलगत मातीचे खुराडे असे. घर बांधताना उरलेल्या मातीतून ते उभे राही आणि दर दिवाळीला घराबरोबर तेही सारवले जाई. त्याला किती खर्च आला, असे कोणी कोणाला विचारीत नसे.

पुढे घरे पक्की झाली, ओटे गेले, गोठे ओस पडले. दुसरीकडे कोंबडीपालनाचा मोठा उद्योग झाला. १९७१ साली पुण्यात वेंकटेश्वरा हॅचरीज ही संस्था निघाली, आणि हजारो पक्षी एका छपराखाली वाढविण्याची पद्धत हळूहळू खेड्यांपर्यंत येऊन पोहोचली. तथापि परसातली कोंबडी काही नाहीशी झाली नाही. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने गिरिराजा, अशा जाती खास परसासाठी निर्माण केल्या. पशुसंवर्धन खात्याच्या योजनांतून तलंगा मिळू लागल्या. तलंग म्हणजे अंड्यावर येण्याच्या बेतात असलेली तरुण कोंबडी. शब्द जुना आहे व फार सुंदर आहे. अशा रीतीने कोंबड्या परसात परत आल्या. परंतु त्यांचे घर बांधणारे हात मधल्या काळात ती विद्या विसरून गेले होते. नेमक्या या विस्मरणात तयार खुराड्यांचा बाजार उभा राहिला.

मी त्या बाजाराचा पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक. सेवानिवृत्त झाल्यावर वेळ जाईना, म्हणून दहा गावरान कोंबड्या पाळण्याचे मनाशी ठरविले. मोठ्या शहरातल्या एका दुकानात रंगीत पत्र्याचे एक खुराडे पाहिले. चार फूट लांब, तीन फूट रुंद, चार लोखंडी पायांवर उभे; तीन बाजूंना पत्रा, समोर जाळीचे दार, खाली मल पडण्यासाठी सरकता ट्रे. ‘बारा पक्ष्यांसाठी उत्तम’ अशी चिठ्ठी त्याला डकविलेली होती. ८,६०० रुपये मोजले. वाहनाचे ७०० वेगळे. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते खुराडे परसात सिमेंटच्या भिंतीला लावून ठेवले, तेव्हा आम्ही घरातली सारी मंडळी दूर उभे राहून त्याच्याकडे कौतुकाने पाहत होतो. कोंबड्या मात्र आत जायला तयार नव्हत्या. त्यांना पहिले चार दिवस धरून आत घालावे लागले.

आमच्या परसाला लागूनच शेतमजुरी करणाऱ्या एका बाईचे घर आहे. पती वारलेले, एक मुलगी आठवीत. तिने महिला बचत गटातून कर्ज काढून त्याच सुमारास बारा कोंबड्या घेतल्या होत्या. माझ्यासाठी कोंबड्या हा विरंगुळा होता. तिच्यासाठी तो दरमहा फेडावयाचा हप्ता होता, आणि त्या हप्त्यातून जे उरेल ते मुलीच्या वह्या-पुस्तकांचे होते. तिने खुराडे घरीच उभारले. बाभळीच्या मेखा रोवल्या, तुराट्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचा लेप दिला, पडक्या गोठ्याचे कवेलू वर घातले आणि समोरच्या बाजूला बाजारातून आणलेली षट्कोनी छिद्रांची बारीक तारेची जाळी खिळ्यांनी ठोकली. सगळे मिळून सहाशे रुपयांतही काम झाले नसेल असे नाही. माझे खुराडे पाहायला ती आली तेव्हा सभोवार फिरून म्हणाली, “घर तं चांगलं हाय गुरुजी, पन हवा कुठून येईन?”

मी तो प्रश्न हसण्यावारी नेला. शिक्षकाने विद्यार्थ्याचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये हे मी इतरांना अनेकदा सांगितले होते.

मे महिना उजाडला. वऱ्हाडातला मे महिना कसा असतो हे इथल्या मुलांना सांगायला नको. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जाऊन बसतो. एके दिवशी आम्हांला लग्नासाठी वाशीमला जावयाचे होते. घरी कोणी नाही, मागे कुत्री त्रास देतील, अशा विचाराने मी कोंबड्यांना सकाळीच आत कोंडले, पाण्याचे भांडे भरून ठेवले आणि निघालो. चार वाजता परतलो. पत्र्याला हात लावताच चटका बसला. दार उघडले तो दहांतल्या सहा कोंबड्या मरून पडल्या होत्या. उरलेल्या चार चोची उघड्या टाकून, पंख पसरून, दाराच्या जाळीला अंग चिकटवून बसल्या होत्या. भांड्यात पाणी होते; पण ते इतके तापले होते की त्यांनी त्याला तोंडही लावले नसावे.

हे कसे घडले ते समजून घेण्यासारखे आहे. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच आपल्याहून जास्त, म्हणजे सुमारे ४१ ते ४२ अंश असते. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी नाहीत. आपल्याला उकडले की घाम येतो, तो वाळतो आणि अंग थंडावते. तिला ही सोय नाही. ती धापा टाकते व श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर सोडून अंगातली उष्णता घालविते. पंख सैल सोडते, म्हणजे पंखांखालच्या उघड्या कातडीला वारा लागावा. परंतु हे दोन्ही उपाय चालण्यासाठी वारा हवा. माझ्या खुराड्याला तीन बाजूंनी पत्रा होता, मागे तापलेली भिंत होती, आणि दहा जिवांच्या श्वासाने आतली हवा दमट झाली होती. दमट हवेत वाफ सुकत नाही. त्यांनी धापा टाकल्या, पण धापांचा उपयोग झाला नाही. त्याच दुपारी पन्नास पावलांवर शेजारणीच्या कवेलूखाली तिच्या दोन खुडूक कोंबड्या अंडी उबवीत निवांत बसल्या होत्या.

यावरून घरचे ते उत्तम आणि विकतचे ते वाईट, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. माझे मनही तसेच म्हणू लागले होते. पण श्रावणात शेजारणीवर पाळी आली.

रात्रभर रिपरिप चालू होती. पहाटे तिच्या आरोळीने आम्ही जागे झालो. षट्कोनी जाळीचा खालचा काठ, जिथे ओल्या मातीने तार गंजली होती तिथे, आत दबलेला होता. तीन कोंबड्या मान फोडलेल्या स्थितीत आत पडल्या होत्या, चौथीची पिसे बांधापर्यंत विखुरलेली होती. जमलेली मंडळी एकमुखाने म्हणाली, मुंगूस! आपल्याकडे कोंबडी गेली की आळ मुंगसावर येतो. वस्तुतः मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी आहे. रात्री तो बिळात झोपलेला असतो. ओल्या चिखलात पावले उमटली होती. गोलसर, मांजराच्या पावलांसारखी पण मोठी, आणि नखांचे ठसे कुठेही नाहीत. मांजराच्या कुळातले प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात. ते रानमांजर होते. शेजारीण त्या पावलांकडे पाहत बराच वेळ बसून राहिली. मग एवढेच म्हणाली, “जाळी सस्ती भेटली गुरुजी, पन कोंबड्या महाग पडल्या.” त्या महिन्याचा हप्ता तिने दुसऱ्याच्या शेतात निंदण करून फेडला, मुलीनेही शाळा बुडवून चार दिवस तिच्याबरोबर निंदण केले.

या दोन घटनांनी मला विचार करायला लावले. माझे खुराडे महाग होते म्हणून फसले नाही. तिचे स्वस्त होते म्हणूनही नाही. मी रंग पाहिला होता, तिने खर्च पाहिला होता. आम्हा दोघांपैकी कोणीही आधी कोंबडीला विचारले नव्हते.

कोंबडीला विचारायचे म्हणजे तिचे मूळ पाहायचे. जगभरच्या पाळीव कोंबड्या मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून उपजल्या, हे चार्ल्स डार्विनने १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. हा रानकोंबडा आजही भारताच्या उत्तर व पूर्व भागांतील जंगलांत आढळतो. तो दिवसभर जमिनीवर चरतो, पाने उकरून किडे टिपतो, धुळीत लोळतो. आणि सायंकाळी झाडाच्या फांदीवर चढून बसतो. फांदीवर चारी बाजूंनी वारा असतो, वर पानांचे छत असते, आणि खालचा शत्रू सहजी वर पोहोचत नाही. खुराडे म्हणजे दुसरे तिसरे काही नसून माणसाने बांधलेली ही फांदी होय. ज्या खुराड्यात फांदीचे गुण आहेत ते चांगले, मग ते कुणीही कुठेही बनविलेले असो.

दिवाळीच्या सुटीत आम्ही दोन्ही घरांनी मिळून तिसरे खुराडे बांधावयास घेतले. माझ्या चार व तिच्या आठ, अशा बारा कोंबड्या त्यात राहावयाच्या होत्या. मोजमापाचे काम मुलीकडे होते. रात्रीपुरता निवारा असेल तर दर पक्ष्याला एक ते दीड चौरस फूट जागा पुरते. पण आमच्याकडे झडीच्या दिवसांत पक्षी दिवसचे दिवस आत राहतात, म्हणून तिने दोन चौरस फूट धरले. बारा दुणे चोवीस. म्हणजे सहा फूट लांबी आणि चार फूट रुंदी. माझ्या पत्र्याच्या खुराड्याचे क्षेत्रफळ तिने न सांगताच काढले, ‘बारा पक्ष्यांसाठी’ ही चिठ्ठी पुन्हा वाचली आणि माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले.

जागा निवडली ती निंबाच्या झाडाखालची, किंचित उंचवट्याची. आमची जमीन काळी आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नुसत्या मेखा रोवल्या तर दोन वर्षांत खुराडे कलते. म्हणून आधी फूटभर उंचीचा दगडांचा चौथरा केला आणि आत मुरूम ठोकून भरला. दगडांच्या सांधी चुन्यासिमेंटने बुजविल्या, कारण घूस खालून पोखरून येते आणि अंडी तर नेतेच, पिलेही नेते. बाभळीच्या खांबांच्या बुडांना डांबर फासले. नाहीतर उधई त्यांना शिल्लक ठेवीत नाही.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली. असे केले म्हणजे सकाळचे व दुपारनंतरचे तिरपे ऊन केवळ आखूड बाजूंवर पडते आणि लांब बाजू त्यापासून वाचतात. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेची बाजू कुडाने पूर्ण बंद केली. कूड कसा घालतात हे मला शेजारणीकडून शिकावे लागले. तुराट्या दाट उभ्या बांधावयाच्या, आडव्या कामट्यांनी आवळावयाच्या, आणि माती, शेण व सोयाबीनचे बारीक कुटार यांचा चिखल दोन दिवस मुरवून दोन्ही अंगांनी लिंपावयाचा. चिखल मुरला नाही तर लेप तडकतो. माझा पहिला हात तडकला. तिने काही न बोलता तो खरवडून पुन्हा लिंपला.

दक्षिणेला अर्धी उंची कूड आणि वर जाळी. उत्तरेला एक फुटावरून जाळीच जाळी. वारा एका अंगाने येऊन दुसऱ्या अंगाने निघून गेला पाहिजे, तरच मलमूत्राचा उग्र दर्प आत साचत नाही. हा दर्प अमोनिया वायूचा असतो. त्याने कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, श्वासनलिका सुजते, आणि मग कोणताही रोग त्यांना सहज गाठतो. थंडीत याच जाळीवर पोत्यांचे पडदे सोडता येतात. वरून मात्र चार बोटे जागा उघडी ठेवावी.

जाळीच्या बाबतीत मी यावेळी हट्ट धरला. षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवीत नाही; हा भेद नीट ध्यानात घ्यावा. आम्ही अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, प्रत्येक सांध्याला डाग दिलेली जाड तारेची जाळी आणली. ती महाग असते. पण तिच्यातून उंदीर जात नाही, साप सहसा जात नाही, आणि रानमांजराचा पंजाही आत येत नाही. तिचे काठ खिळे वाकवून नव्हे, तर लाकडी पट्टीखाली दाबून पक्के केले. छपराला कवेलूच होते, परंतु कवेलू सरकवून आत उतरणारे प्राणी असतात. म्हणून खाली बांबूच्या कमच्या बोटही शिरणार नाही इतक्या जवळ बांधल्या. दक्षिणेची वळचण दोन फूट पुढे काढली. उन्हाळ्यात छपरावर पऱ्हाट्या आणि गवत पसरून वर पाणी मारले की आत फार बरे वाटते.

आतली व्यवस्था थोडक्यात सांगतो. जमिनीपासून दोन फुटांवर दोन आडव्या काठ्या बसविल्या. या त्यांच्या फांद्या. काठी दीड-दोन इंच जाड व गोलसर असावी, म्हणजे पंजाची पकड बसते. दोन्ही काठ्या एकाच उंचीवर ठेवाव्यात. एक वर, एक खाली असली की वरच्या जागेसाठी रोज भांडण होते; कोंबड्यांतही मानपान फार आहे. अंडी घालण्यासाठी तीन खोकी अंधाऱ्या कोपऱ्यात, काठ्यांच्या खालच्या पातळीवर ठेवली. खोकी उंच ठेवली तर कोंबड्या त्यांतच झोपतात आणि अंडी घाण होतात. तळाला चार इंच सोयाबीनचे कुटार पसरले. ते आठवड्याला खालीवर करावे, ओले होऊ देऊ नये. मधूनमधून थोडा चुना मिसळावा. जुने झाले की ते शेतात उत्तम खत म्हणून जाते. बाहेर एका जुन्या घमेल्यात राख आणि कोरडी माती ठेवली. तिच्यात लोळून कोंबड्या अंगावरच्या उवा-पिसवा आपणच झाडतात.

इतके करूनही राणीखेत रोग खुराड्याच्या जाळीने अडत नाही, हे सांगितले पाहिजे. हिमालयाच्या कुशीतल्या राणीखेत या गावी तो आपल्या देशात प्रथम ओळखला गेला म्हणून त्याला ते नाव पडले. तो आला की दोन दिवसांत खुराडे रिकामे करतो. त्याला लस हाच उपाय आहे. ती पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते आणि तिची वेळ चुकवू नये. तसेच दाणापाणी छपराखाली ठेवावे, रानपक्ष्यांची विष्ठा त्यात पडू देऊ नये. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली, ती भारतातली पहिली. त्या वेळी लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या.

आता हिशेब. काम संपल्यावर मुलीने वहीत तो लिहून आणला. जाळी अठरा फूट, ४५ रुपये दराने ८१० रुपये. बांबू सहा, ९० रुपये दराने ५४०. बिजागऱ्या, कडी-कोयंडा, खिळे आणि बांधणीची तार २६०. डांबर व सिमेंट १२०. दाराची चौकट सुताराने केली, त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी ४००. एकूण २,१३० रुपये. मी म्हणालो, “शाबास, विकतच्या खुराड्याच्या चौथाई किमतीत झाले!” मुलगी म्हणाली, “गुरुजी, आईची मजुरी धरली नाही.”

तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. घरी केलेल्या वस्तूचा हिशेब मांडताना आपण घरच्या माणसांचे श्रम, त्यातही घरच्या बायांचे श्रम, फुकट धरतो. तिच्या आईने त्या कामासाठी चार दिवस मजुरी बुडविली होती. दिवसाला ३०० रुपयांप्रमाणे १,२०० रुपये झाले. तेव्हा खरी किंमत ३,३३० रुपये. माझ्या श्रमांची किंमत मी धरू दिली नाही, कारण त्यातले निम्मे श्रम बिघडविण्याचे होते. दगड, बाभूळ, तुराट्या आणि कवेलू घरचेच होते. ज्याला हे सर्व विकत घ्यावे लागेल त्याचा आकडा अर्थातच वाढेल. मग तिने एक गमतीचे गणित केले. गावरान अंडे गावात बारा रुपयांना जाते असे धरले, तर नव्या खुराड्याची किंमत २७८ अंडी. माझ्या पत्र्याच्या खुराड्याची, वाहनखर्चासह, ७७५ अंडी. साधी गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. म्हणजे आठ कोंबड्यांनी संपूर्ण वर्षभर घातलेले एकही अंडे न खाता विकले, तरी माझे खुराडे फिटले नसते. आणि दाणापाण्याचा खर्च यात धरलेलाच नाही.

तरीसुद्धा विकतच्या खुराड्याला मी सरसकट नावे ठेवणार नाही. ज्यांना भाड्याच्या घरात राहावे लागते, बदली झाली की बिऱ्हाड हलवावे लागते, त्यांना उचलून नेता येणारे खुराडेच सोयीचे. ज्यांना सकाळी नोकरीवर जाऊन रात्री परतायचे आहे त्यांनी कूड लिंपावयास वेळ कुठून आणावा? त्यांनी अवश्य विकत घ्यावे. पण रंग पाहण्याआधी आत हात घालून वारा लागतो का ते पाहावे, बसायची काठी आहे का ते पाहावे, पक्ष्यांची संख्या चिठ्ठीवर न वाचता लांबी-रुंदीचा गुणाकार करून काढावी. आणि विकत घेणे म्हणजे शहरातूनच घेणे असेही नाही. तालुक्याच्या गावी लोखंडी दारे-खिडक्या करणारे कारागीर असतात, सुतार असतात, कुठे कुठे बुरूडही अजून कामट्या सोलीत बसलेले दिसतात. आपल्याला हवे तसे माप कागदावर काढून त्यांच्याकडून करून घेतले तर पैसा जातो खरा, पण पुढे बिजागरी निखळली तर दुरुस्त करणारा माणूस माहीत असतो. माझ्या पत्र्याच्या खुराड्याच्या ट्रेची कडा वाकली तेव्हा ती सरळ करून देणारा मला कोणी भेटला नाही. तसा सुटा ट्रे मिळत नाही, एवढेच दुकानातून उत्तर आले.

ते खुराडे मी टाकून दिले नाही. सुताराकडून त्याच्या दोन बाजूंचा पत्रा अर्धा कापून तिथे जाळी लावून घेतली आणि ते निंबाच्या सावलीत आणून ठेवले. आता हिवाळ्यात अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला आम्ही त्यात वेगळे ठेवतो. एकवीस दिवस ती जागेवरून फारशी हलत नाही. त्या काळात इतर कोंबड्यांचा त्रास नको असतो. एकटीला ती जागा पुरेशी होते.

मागच्या माघात एका पहाटे मला चौथऱ्याच्या कडेला तीच पावले पुन्हा दिसली. गोलसर, नखांचा ठसा नसलेली. ती उत्तरेच्या बाजूने आली होती, जाळीपाशी बराच वेळ घुटमळली होती. पट्टीच्या लाकडावर ओरखडे उमटले होते. मग पावले पश्चिमेच्या कुडाला वळसा घालून दाराशी गेली होती आणि तिथून बांधाकडे. मी शेजारणीला हाक मारली. ती धावत आली, तिच्यामागे मुलगी आली. कडी काढून मुलीने दार उघडले आणि एकेक कोंबडी बाहेर उडी टाकू लागली तशी ती मोठ्याने मोजू लागली. अकरापर्यंत मोजून ती थांबली. आम्ही तिघेही गप्प झालो. मग तिने वाकून आत पाहिले. बारावी कोपऱ्यातल्या खोक्यात अंगाचा गोळा करून बसली होती, आणि हात पुढे केल्यावर तिने चोच मारली.